टिनाचे घर आणि वैशाखाचे ऊन

वैशाख तापू लागला की माझ्या दवाखान्यात डोकेदुखी, मळमळ, अशक्तपणा आणि ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ अशा तक्रारींचे रुग्ण वाढतात. ‘उन्हात फिरलात का?’ असे विचारले, तर अनेक म्हातारी माणसे सांगतात, ‘नाही डॉक्टरसाहेब, दिवसभर घरातच होतो.’ घर टिनाचे असते. ऊन लागण्यासाठी उन्हात जावेच लागते असे नाही, हे आज समजावून घेऊ.

टिन पातळ असते. दुपारी ते हात लावता येणार नाही इतके तापते आणि त्याची धग खालच्या माणसावर उतरते. गरम हवा वर जाऊन टिनाखाली कोंडते. छताचा पंखा तीच हवा खाली आणतो. खोलीतील हवा ४० अंश सेल्सियसच्या वर गेली, की नुसत्या पंख्याने अंग थंड होत नाही, उलट तापू शकते. म्हणून उपाय वरून सुरू करावा.

पहिला उपाय, ऊन छपरावरच अडवणे. गंजलेले, काळवंडलेले टिन जास्त तापते. त्यावर पांढरा रंग किंवा डिंक घातलेला चुना द्यावा. चुना पावसात धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत मृत्यू फार वाढले. तेथील महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीमही घेतली. हे काम सकाळी, फळी टाकून करावे. सिमेंटचे जुने पत्रे पायाखाली फुटतात. ते घासूही नयेत, कारण त्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसाला घातक असते. छपरावर कडबा किंवा पऱ्हाट्या टाकल्यास आगीची भीती असते, हे विसरू नये.

दुसरा उपाय, कोंडलेल्या हवेला वाट देणे. समोरासमोरच्या भिंतींत टिनाखाली झरोके ठेवून जाळी लावावी. दुपारी उन्हाकडच्या खिडकीवर ओले पोते टांगावे, पण झरोके बुजवू नयेत. सूर्य मावळल्यावर टिन लवकर निवते. बाहेरची हवा गार झाली की दारे-खिडक्या उघडाव्यात. कूलर असल्यास समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा वाढतो. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा. डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी.

सर्वांत जास्त काळजी बाळंतिणीच्या खोलीची. खोली बंद ठेवून बाळाला टोपडे-दुपट्यात गुंडाळण्याची रीत वैशाखात टिनाखाली धोक्याची आहे. बाळाचे अंग तापते, घरची मंडळी ‘ताप आला’ म्हणून आणखी एक दुपटे घालतात. अशा वेळी एक सुती झबले पुरे. शेगडी नको. सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी न देता आईने वारंवार अंगावर पाजावे. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले किंवा गार जागी नेऊनही अंग तापलेलेच राहिले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मोठा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

ज्यांना यातले काहीच जमण्यासारखे नाही, त्यांनी निदान घरातील म्हातारे, आजारी आणि लेकरे यांना दुपारी बारा ते पाच टिनाखाली ठेवू नये. निंबाची सावली, देवळाचा सभामंडप किंवा शेजाऱ्याची गार ओसरी, जे जवळ असेल तेथे पाण्याचा तांब्या सोबत देऊन बसवावे.