लहान कुत्र्यांची कोरडी त्वचा : प्रतिबंध व उपचार



कपाशीचे पान लाल पडले की जाणकार शेतकरी लगेच पंप पाठीवर घेत नाही. तो पान उलटून तुडतुडे आहेत का ते पाहतो. जमिनीत ओल किती आहे, मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडले का, रात्रीची थंडी वाढली का, याचा विचार करतो आणि मगच उपाय ठरवतो. कारण ‘लाल्या’ हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणे अनेक असू शकतात.

कुत्र्याच्या अंगावरील कोंडा हेही असेच एक लक्षण आहे. परंतु येथे आपण पान उलटून पाहण्याची शिस्त विसरतो. कोणी रॉकेल चोळतो, कोणी ट्रॅक्टरचे जळके ऑइल फासतो, तर कोणी कपाशीवर फवारायचे औषध पाण्यात मिसळून त्याने कुत्र्याला अंघोळ घालतो. शेतकरी मेळाव्यात कीटकनाशकांची चर्चा संपली की ‘हेच औषध कुत्र्याला थोडे लावले तर चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. ते का, आणि त्याऐवजी काय करावे, हे या लेखात पाहू.

त्वचा कोरडी का पडते?

शेतात आच्छादन टाकले की जमिनीतील ओल टिकते. त्वचेवरील तेलकट थर हेच काम करतो. केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींमधून स्निग्ध पदार्थ स्रवतो, तो त्वचेवर पसरतो आणि आतील पाणी उडून जाऊ देत नाही. हा थर धुतला गेला, किंवा तो तयार होण्यासाठी लागणारे घटक आहारातून मिळाले नाहीत, तर त्वचा रखरखीत होते, पांढरा कोंडा पडतो व केसांची चमक जाते.

कुत्र्याच्या त्वचेचा बाहेरील थर माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असतो. शिवाय माणसाच्या त्वचेचा सामू साधारण ५.५, म्हणजे आम्लधर्मी असतो, तर कुत्र्याचा उदासीनतेच्या जवळ असतो. त्यामुळे माणसाचा शाम्पू कुत्र्याला मानवत नाही. कपड्याच्या साबणाचा सामू तर ९ ते १० पर्यंत असतो आणि तो स्निग्ध थर पार धुऊन काढतो.

लहान कुत्र्यांना जास्त त्रास का?

मोठ्या ढेकळापेक्षा लहान ढेकूळ लवकर वाळते, कारण आकारमानाच्या मानाने त्याचा उघडा पृष्ठभाग जास्त असतो. कुत्र्याचेही तसेच आहे. २५ किलो वजनाच्या कुत्र्याच्या तुलनेत ५ किलो वजनाच्या कुत्र्याला दर किलो वजनामागे सुमारे पावणेदोन पट त्वचा असते. त्यामुळे पामेरियन, पग, डॅशहंड, ल्हासा यांसारखी कुत्री, तसेच गावठी कुत्र्यांची पिल्ले यांच्या अंगातून ओलावा लवकर जातो. त्वचेवर लावलेले विषही वजनाच्या मानाने त्यांच्या शरीरात जास्त भिनते. ही दुसरी बाब विशेष लक्षात ठेवावी.

त्यात नागपूरची हवा. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि मे २०१३ मध्ये तर येथे ४७.९ अंशांची नोंद झाली. अशा दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. हिवाळ्यातील कोरडी थंडीही त्वचेला तितकीच त्रासदायक ठरते.

कोरडेपणा की रोग? आधी तपासणी करा

कुत्र्याला उजेडात घ्या, केस उलट्या बाजूने सारून त्वचा पाहा आणि पुढील गोष्टी तपासा.

१) साधा कोरडेपणा : बारीक, पांढरा कोंडा पाठीवर सर्वत्र सारखा दिसतो. खाज थोडी असते, त्वचा लाल नसते, केस पुंजक्याने गळत नाहीत. कुत्रे खाते-पिते व खेळते.

२) पिसवा : शेपटीच्या मुळाशी व कमरेवर काळे कण दिसतात. ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजावी, कारण तिच्यात पचलेले रक्त असते.

३) कोंडा पाडणारे कोळी : काळ्या कागदावर कोंडा विंचरून पाडावा व भिंगातून पाहावा. कोंड्याचे कण हलताना दिसले तर तो कोरडेपणा नसून कोळी वर्गातील परजीवी आहे.

४) खरूज : कानांच्या कडा, कोपरे व पोट येथे सुरुवात होते. खाज अतिशय तीव्र असते. ही खरूज माणसालाही लागते. घरातील मुलांच्या हातावर किंवा पोटावर खाजरे पुरळ आले असतील तर संशय पक्का समजावा.

५) डेमोडेक्स कोळी : पिल्लांत डोळ्यांभोवती, तोंडाजवळ व पुढच्या पायांवर केस जाऊन चट्टे पडतात. सुरुवातीस खाज फारशी नसते.

६) गजकर्ण : गोल चट्टे पडतात, कडेचे केस तुटके दिसतात. हा बुरशीजन्य रोग असून माणसांना, विशेषतः मुलांना लागतो. पावसाळ्यात जास्त आढळतो.

मध्यम वयाचे कुत्रे खाणे न वाढवता लठ्ठ व सुस्त होत असेल आणि दोन्ही कुशींवरील केस सारखे विरळ होत असतील, तर थायरॉइड ग्रंथीच्या दोषाचीही शक्यता असते. त्यासाठी रक्ततपासणी लागते.

उन्हाळ्यात आणखी एक खात्री करून घ्यावी. खांद्यावरील कातडी चिमटीत उचलून सोडावी. ती सावकाश खाली बसत असेल व हिरड्या चिकट लागत असतील तर शरीरातच पाणी कमी पडले आहे. अशा वेळी तेल-मलमात वेळ न घालवता कुत्र्याला सावलीत न्यावे, पाणी पाजावे व पशुवैद्यकास दाखवावे.

प्रतिबंधक उपाय

पाणी : कुत्र्यास दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी लागते. म्हणजे ५ किलोच्या कुत्र्यास पाव लिटर ते ३०० मिली, आणि उन्हाळ्यात याहून अधिक. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत ठेवावे व दिवसातून दोन-तीन वेळा बदलावे.

अंघोळ : अंगाला घाण लागली नसेल तर चार आठवड्यांतून एक अंघोळ पुरे. पाणी कोमट असावे व कुत्र्यांसाठी असलेला सौम्य शाम्पू वापरावा. शाम्पूचा अंशही राहणार नाही असे भरपूर पाण्याने धुवावे आणि टॉवेलने टिपून कोरडे करावे. कपड्याचा साबण, डिटर्जंट पावडर व फिनेल वापरू नये. रिठ्याचे पाणीही डोळ्यांना झोंबते व कोरडेपणा वाढवते.

विंचरणे : आठवड्यातून तीन-चार वेळा विंचरल्याने स्निग्ध पदार्थ केसांच्या टोकापर्यंत पोहोचतो व मृत केस निघतात. पामेरियनसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यात मुळापासून भादरू नयेत. ते केस उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात.

निवारा : उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरची हवा दमट असते व त्वचेला मानवते. मात्र कूलरच्या थेट झोतात कुत्र्यास बांधू नये. हिवाळ्यात शेकोटीच्या अगदी जवळ झोपू देऊ नये. अंथरूण म्हणून गोणपाटाऐवजी धुतलेले सुती कापड वापरावे. खत किंवा औषधाची रिकामी गोणी तर कधीच वापरू नये.

आहार : आपल्या शेतातील तेल उपयोगी

अनेक घरी कुत्र्यास पोळी-दूध किंवा ज्वारीची भाकर एवढेच मिळते. त्याने पोट भरते, पण त्वचेला लागणारी प्रथिने व आवश्यक स्निग्धाम्ले पुरेशी मिळत नाहीत. धान्यातील फायटेटमुळे जस्ताचे शोषणही घटते. जस्ताच्या कमतरतेने धानावर खैरा रोग येतो हे आपण जाणतो. कुत्र्यातही या कमतरतेने त्वचेवर खपल्या धरतात. म्हणून आहारात उकडलेले अंडे, शिजवलेले मांस किंवा मासे यांचा समावेश करावा. ५ किलोच्या कुत्र्यास आठवड्यातून तीन अंडी पुरेत. अंडे शिजवूनच द्यावे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकामुळे बायोटिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळत नाही. शेतात टाकायचे झिंक सल्फेट मात्र कुत्र्यास मुळीच देऊ नये, ते विषारी ठरते.

त्वचेचा स्निग्ध थर बांधण्यास लिनोलेइक आम्ल लागते. करडईच्या तेलात ते सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक असते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ असते व ते त्वचेचा दाह कमी करण्यास मदत करते. ही दोन्ही पिके विदर्भाला परिचित आहेत.

५ किलोच्या कुत्र्यास घाण्याचे ताजे खाद्यतेल पहिला आठवडा पाव चहाचा चमचा व नंतर अर्धा चमचा (सुमारे २.५ मिली) रोज जेवणात मिसळून द्यावे. करडई व जवस आलटून-पालटून वापरता येते. शौच पातळ झाल्यास प्रमाण कमी करावे. कुत्रे लठ्ठ असेल किंवा त्याला स्वादुपिंडाचा विकार होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच तेल सुरू करावे.

येथे दोन सूचना. रंगकामासाठी मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल खाण्याचे नव्हे. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळतात. तसेच कच्चे जवस किंवा जवसाची ढेप देऊ नये, तिच्यात सायनाइड निर्माण करणारे घटक असतात.

उरलेला तर्रीदार रस्साही कुत्र्यापुढे ठेवू नये. त्यातील कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. लहान कुत्र्यास तो थोडाही घातक ठरू शकतो.

साध्या कोरडेपणावर घरगुती उपचार

ओटचे बारीक पीठ कोमट पाण्यात कालवून ते पाणी अंगावर दहा मिनिटे राहू द्यावे व नंतर साध्या पाण्याने धुवावे. त्याने खाज शमते. हा उपचार आठवड्यातून एकदा करावा. भेगा पडलेल्या नाकावर व तळपायांवर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. कुत्रे अंग चाटते, म्हणून माणसांची मलमे, विशेषतः झिंक ऑक्साइड असलेली, लावू नयेत.

त्वचेच्या पेशी पूर्ण बदलण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. खत दिले की दुसऱ्या दिवशी कणीस येत नाही, तसेच येथेही धीर धरावा. पाणी, अंघोळ व आहार यांत सुधारणा करून तीन ते चार आठवडे वाट पाहावी. तेलाचा पूर्ण परिणाम दिसण्यास सहा ते आठ आठवडेही लागतात.

पिकाचे औषध कुत्र्याला का नको?

पिकावरील कीटकनाशकाची मात्रा हेक्टरी ठरवलेली असते व ती पानासाठी असते. त्यातील द्रावके व पायसीकारक पदार्थ औषध पृष्ठभागात शिरावे म्हणूनच मिसळलेले असतात. कोरड्या, ओरखडलेल्या त्वचेतून ते अधिकच वेगाने शिरते. उरलेले औषध कुत्रे चाटून पोटात घेते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या विषाने त्वचा व श्वास या वाटांनी साठ किलोच्या धडधाकट माणसाला गाठले, तर पाच किलोच्या जिवाचा काय पाड? शिवाय औषध लावलेले तेच कुत्रे संध्याकाळी आपल्या मुलांच्या मांडीवर बसते.

गुरांसाठीचे औषधही अंदाजाने देऊ नये. गुरांना टोचायच्या १ टक्का आयव्हरमेक्टिनचे १ मिली औषध ५० किलो वजनासाठी असते. तेच १ मिली ५ किलोच्या कुत्र्यास दिले तर मात्रा दहापट होते, आणि कोलीसारख्या काही जातींना हे औषध कमी मात्रेतही बाधते.

चुकून कीटकनाशक लागले आणि तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला कंप, धाप किंवा झटके दिसले, तर हातमोजे घालून सौम्य साबण व भरपूर कोमट पाण्याने अंग धुवावे. तेल-तूप लावू अथवा पाजू नये. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. विष कोणते हे कळल्यास योग्य उतारा लवकर देता येतो.

पशुवैद्यकाकडे केव्हा न्यावे?

• खाज इतकी की कुत्रे झोपत नाही
• केस गळून चट्टे, पू, दुर्गंधी किंवा रक्त
• घरातील माणसांनाही पुरळ
• तीन ते चार आठवड्यांच्या काळजीनंतरही काहीच फरक नाही
• पिल्लू तीन महिन्यांहून लहान, अथवा मादी गाभण

दवाखान्यात त्वचा हलकी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी थोड्या वेळात होते व कोळी आहे की नाही हे शोधण्याचा तो मुख्य मार्ग आहे. तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस अंगाला काही लावू नये. नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वी ते आपल्या कृषी विद्यापीठाचा भाग होते. २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे ते आता आहे. तेथील चिकित्सालयाचा, तसेच गावाजवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचा लाभ घ्यावा.

वर्षभराचे नियोजन

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : अंघोळ कमी, विंचरणे जास्त, आहारात तेल सुरू.
मार्च ते जून : पाणी व सावली यांवर भर, फिरवणे फक्त पहाटे व सूर्यास्तानंतर, तळपायांची पाहणी.
जुलै ते ऑक्टोबर : अंग कोरडे ठेवणे, गोचीड, पिसवा व गजकर्ण यांसाठी दर आठवड्यास तपासणी. फवारणी झालेल्या शेतात कुत्र्यास सोडू नये.

थोडक्यात, कोंडा दिसताच आधी त्वचा पाहावी, कारण शोधावे आणि मग इलाज करावा. साध्या कोरडेपणाला पाणी, तेलाचा अर्धा चमचा व साबणाला विश्रांती एवढे पुरते. त्यापलीकडचे काही असेल तर त्याचे औषध दवाखान्यात आहे, फवारणीच्या कोठीत नाही.