काट्यावर विसंबू नका

मराठवाड्याच्या उन्हात गच्चीवरची वस्तू झिजते, हे मला मान्य आहे. परंतु जी वस्तू रीतसर मोबदला देऊन, कामाचा तपशील कागदावर लिहून देऊन नवी करून घेतली, ती पहिल्याच पावसाळ्यात निकामी व्हावी आणि ती करणाऱ्याने उलट माझ्याच रेडिओ यंत्राला दूषण द्यावे, ही गोष्ट नायगावात राहणाऱ्या मला अद्यापही विसरता आलेली नाही.

मी हौशी रेडिओधारक. सात मेगाहर्ट्झचा माझा डायपोल अँटेना म्हणजे सुमारे वीस मीटर तार. तिची केबल बदलून सांधा जलरोधक रबरी पट्टीने बांधण्याचे काम एका कारागिराकडे सोपविले होते. मृगाच्या सरींनंतर माझा आवाज हैदराबादच्या मित्रांनाही ऐकू जाईना, तेव्हा त्याला बोलाविले. गच्चीवर चढण्याची तसदी न घेता त्याने अँटेनाकडून परतणाऱ्या लहरीचे प्रमाण दाखविणाऱ्या एस. डब्ल्यू. आर. मापकाकडे बोट दाखविले. “काका, काटा दीडवर हाय की! तुमचा सेटच गेला असंल. अन् हौसेच्या खेळाला एवढं कशाला?”

तो गेल्यावर मी केबलचे वरचे टोक अँटेनापासून सोडवून मोकळे ठेवले आणि अगदी कमी शक्तीवर क्षणभर प्रक्षेपण केले. निरोगी केबल असती, तर काटा थेट वरच्या टोकाला भिडला असता. माझा तीनवरच अडला. निम्मी शक्ती केबलच गिळत होती, आणि परतणारी लहरही वाटेतच जिरत असल्यामुळे तो दीडचा साळसूद आकडा दिसत होता. सांधा कापला, तो आत साधी काळी टेप, हिरवी पडलेली तांब्याची जाळी आणि पाणी!

तेव्हा पावसाळ्याच्या आधी व नंतर मोकळ्या टोकाची ही परीक्षा घ्या आणि आकडा वहीत टिपून ठेवा. एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून, कौले शाकारतात तशी खालून वर लपेटा. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोल द्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. म्हणून अँटेनाच्या ताणाच्या तारांच्या खुंट्या दोन्ही ऋतूंत तपासा. वळवाचे ढग दिसताच, गडगडाटापूर्वीच, केबल सेटपासून सोडवा. साहित्य चांगले घ्या. विजेच्या तारांपासून दूर राहा.

आणि ज्याला हा खेळ वाटतो, त्याला काम देऊच नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा हौशी रेडिओधारकांनीच तेथून निरोप पोचविले होते. सांधा बांधताना समोर उभे राहा, आणि पहिला पाऊस निर्वेध जाईपर्यंत मजुरीची अखेरची रक्कम अदा करू नका.