समुद्रातले शेवाळ आणि घरातले मीठ
(इयत्ता ४ थी)



ओहोटी लागली की खडकांवर हिरवे, तपकिरी, तांबडे शेवाळ दिसते. त्यावरून पाय घसरतो, म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. जाळ्यात आलं तर झटकून टाकतो. पण ते फार गुणी आहे. त्याची माहिती मी देते.

समुद्रातल्या शेवाळाला झाडासारखी मुळे नसतात. ते खडकाला चिकटून राहते आणि पाण्यातली द्रव्ये सगळ्या अंगाने शोषून घेते. त्यातले एक द्रव्य म्हणजे आयोडीन. एक लिटर समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे ३५ ग्रॅम असते. आयोडीन मात्र एका ग्रॅमचा साधारण वीस हजारावा भाग! शेवाळ ते थोडे थोडे गोळा करून साठवते. तपकिरी शेवाळात ते जास्त असते.

आयोडीनचा शोध शेवाळामुळेच लागला. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा हे शेवाळाच्या राखेपासून बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करत होते. राखेत गंधकाचे आम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ निघाली. ती थंड होऊन तिचे काळपट चकचकीत खडे झाले. तेच आयोडीन.

आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिला आयोडीन लागते. ते मिळाले नाही तर गळा सुजतो. त्याला गलगंड म्हणतात. आईच्या पोटातल्या बाळाला ते कमी पडले तर बाळाची बुद्धी नीट वाढत नाही. मोठ्या माणसाला सत्तर वर्षांत लागणारे सगळे आयोडीन एकत्र केले तरी एक चमचा भरत नाही. पण ते रोज थोडे थोडे मिळायला हवे.

चीनमध्ये पूर्वीपासून गलगंडावर शेवाळ देत. जपानमध्ये नोरी नावाचे शेवाळ भाताला गुंडाळून खातात. आपल्याकडे तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला बायका समुद्रात बुडी मारून शेवाळ काढतात. चायना ग्रास हा पदार्थसुद्धा तांबड्या शेवाळापासून होतो.

मग किनाऱ्यावरचं शेवाळ आणून खावं का? नाही. घाण पाण्यातले विषारी पदार्थही ते शोषून घेते. शिवाय आयोडीन फार झाले तरी ग्रंथी बिघडते.

काही जण म्हणतात, "खडेमीठ समुद्राचंच, मग त्यात आयोडीन असणारच." हे खरं नाही. मिठागरातल्या साध्या मिठात ते अगदी कमी असते. म्हणून मिठात आयोडीन मुद्दाम घालतात. हिमाचल प्रदेशात कांगडा खोऱ्यात पुष्कळ लोकांना गलगंड होता. तिथे १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी अभ्यास केला. आयोडीन घातलेल्या मिठाने गलगंड कमी झाला. १९६२ साली सरकारने देशात गलगंड नियंत्रणाचे काम सुरू केले.

पालकांना विनंती :
१) मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले पाहून घ्यावे.
२) मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावे.
३) भाजी-आमटीत मीठ शेवटी घालावे.
४) मीठ जास्त खाऊ नये, नेहमीइतकेच पुरते.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपली मिठाची पुडी वाचून बघा. तुम्हाला वाचता येतं, म्हणून हे काम तुमचंच!