माळ घातली, पण कावीळ कोणती?

प्रश्न : महाबळेश्वरला आमचं छोटं हॉटेल आहे. स्वयंपाकघरातल्या पोऱ्याला कावीळ झाली. गावी त्याला माळ घातली. माळ लांबतेय, म्हणजे कावीळ उतरतेय ना? घरात सुनेला सातवा महिना आहे.

उत्तर : काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते, कावीळ नसतानाही लांबेल. आधी रक्त तपासून कावीळ कोणती ते ठरवा.

हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ या काविळी दूषित पाण्या-अन्नातून येतात. २०१२मध्ये इचलकरंजीत ‘ई’ची मोठी साथ आली होती. दोन्ही बहुधा आपोआप बऱ्या होतात. विश्रांती आणि नेहमीचा हलका आहार पुरतो. मात्र गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ जिवावर बेतू शकते. सुनेला उकळलेलंच पाणी द्या आणि मळमळ, पिवळी लघवी दिसताच डॉक्टरांकडे न्या.

‘बी’ आणि ‘सी’ रक्तातून पसरतात. ‘बी’ शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जाते. ‘सी’ बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. जुनाट ‘बी’ गोळ्यांनी आटोक्यात राहते. तिची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांत द्यावी. ‘डी’ फक्त ‘बी’सोबतच होते. २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ‘बी’, ‘सी’ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

पोऱ्याला डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत स्वयंपाकघरात घेऊ नका. ‘ए’ निघाली, तर बाकीच्या कामगारांना दोन आठवड्यांच्या आत लस देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. गुंगी, असंबद्ध बडबड किंवा रक्तस्राव दिसला, तर लगेच मोठं रुग्णालय गाठा.