जीभ मोजायची की स्वभाव?

एका पेल्यात साधे पाणी व दुसऱ्यात अगदी फिके मीठपाणी घ्या. एकेक पेला मित्राला देऊन "खारट आहे का?" असे विचारा. एखादा उतावळा मित्र दर वेळी "हो" म्हणेल. मीठपाणी त्याने एकदाही सोडले नाही, म्हणून त्याची जीभ तीक्ष्ण ठरेल काय? उलट, भिडस्त मित्र पुरती खात्री पटल्याखेरीज "हो" म्हणणारच नाही. येथे आपण जीभ मोजत नसून स्वभाव मोजत आहोत!

यावर एक युक्ती आहे. दोन्ही पेले लागोपाठ द्या आणि विचारा, "खारट कोणता, पहिला की दुसरा?" "सांगता येत नाही" हे उत्तर चालणार नाही, अंदाजाने का होईना, निवड केलीच पाहिजे. ही सक्तीच्या निवडीची पद्धत. मीठपाणी आधी द्यायचे की नंतर, हे दर वेळी नाणे उडवून, मित्राच्या नकळत ठरवा. मग नेहमी "पहिला" म्हणण्याची खोड असली, तरी तिचा काही लाभ होत नाही.

आता गणित पाहू. काहीच न कळणाऱ्याचीही सुमारे निम्मी उत्तरे बरोबर येतात. म्हणून ५० टक्के म्हणजे संवेदनक्षमता शून्य. बरेचदा ७५ टक्के हा उंबरठा मानतात. शास्त्रज्ञ 'डी-प्राइम' नावाचे माप वापरतात. ते ५० टक्क्यांना ०, ७६ टक्क्यांना सुमारे १ व ९२ टक्क्यांना सुमारे २ येते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८८३-८४ साली चार्ल्स पर्स व जोसेफ जॅस्ट्रो यांनी स्वतःवरच असा प्रयोग केला. बोटावरील दाबात किंचित फरक करायचा व अधिक दाब कोणता ते सांगायचे. क्रम ठरे पत्ते पिसून. "मला मुळीच कळत नाही" असे वाटत असतानाही सक्तीने दिलेली त्यांची उत्तरे पाचांपैकी सुमारे तीन वेळा बरोबर आली! मनाला जे उमगले नव्हते, ते बोटाला थोडेफार कळले होते.

तुम्हीही मीठपाण्याचा प्रयोग २० वेळा करा. दर खेपेस चूळ भरा. केवळ नशिबाने १५ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्केच असते. वीसच्या वीस बरोबर आली, तर मीठपाण्यात आणखी पाणी घाला. आणि "मला नाही कळत" म्हणणाऱ्या मित्राला आधी निवड करायला लावा. त्याच्या जिभेचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका.