डोळा लावून बघू नकोस

सोमवारी साइटवर निघताना बांगड्या घरी काढून ठेव. अंगठी असेल तर तीही. हसू नकोस, आईचा सूर लावत नाहीये मी. राउटरच्या मागे पॉवरच्या तारांपाशी हात घालताना धातूचं काही उघड्या टर्मिनलला टेकलं तर ते क्षणात तापतं आणि कातडीला चटका बसतो. ओढणी तर नकोच. नायलॉनची किंवा जॉर्जेटची ओढणी अंगाशी घासून घासून स्थिर वीज साठवते, आणि आपल्याला जाणवणारही नाही एवढ्याशा ठिणगीने आतली चिप जाते. लगेच गेली तर बरं म्हणायचं. कधीकधी ती अर्धमेली होऊन राहते आणि पुढे कधीतरी रात्री-अपरात्री लिंक पाडते. सुती कुर्ता, बंद बूट, केस वर बांधलेले, एवढं असलं की झालं.

तुझे सर म्हणाले ना, "काही नाही गं, एसएफपी टाकायचा, पॅचकॉर्ड लावायची, लिंक अप झाली की फोटो पाठवायचा"? काम तेवढंच आहे, त्यांचं चुकलं नाही. पण त्यांच्या हाताला सगळं इतकं सवयीचं झालंय की मधल्या दहा गोष्टी सांगायच्याच राहतात. कॉलेजची साइट, 8 किलोमीटरवरच्या एक्स्चेंजमधून आलेलं फायबर, आणि तू एकटी. त्या राहून गेलेल्या गोष्टी मी सांगते.

राउटर रॅकमध्ये चढवताना एकटीने उचलू नकोस. शिपाईमामांना हाक मार, त्यात कमीपणा नाही. बसला की पहिली वायर जोडायची ती अर्थिंगची, आणि कधी काढायची वेळ आली तर सगळ्यात शेवटी काढायचीही तीच. लॅबमधल्या थ्री-पिन सॉकेटवर आंधळा विश्वास नको. तिसऱ्या भोकामागे खरंच वायर आहे का, हे कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावून बघायला सांग. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर राउटर चालू न करता सरांना फोन. इलेक्ट्रिशियन राग राग करेल, "इतकी वर्षं कॉम्प्युटर चालतायत इथे" म्हणेल. म्हणू दे.

बॅगेत रिस्ट स्ट्रॅप असेल. बाहीवरून बांधून उपयोग नाही, कातडीला टेकला पाहिजे. दुसऱ्या टोकाची क्लिप रॅकच्या रंगवलेल्या पट्टीला लावतात कित्येक जण, आणि रंगातून वीज जात नाही. राउटरवरच ईएसडीची खूण असलेली जागा असते, तिथे लाव. त्या पट्ट्याच्या वायरमध्ये 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो तुझ्यासाठी असतो बरं का. चुकून वीज आली तर ती तुझ्यातून जोरात वाहू नये म्हणून. त्यामुळे पट्टा तुटलाय म्हणून कुणी साधी वायर मनगटाला गुंडाळून दिली तर ती घ्यायची नाही.

आणि मृगाचे दिवस आहेत. विजा चमकायला लागल्या की बाहेरून आलेल्या कुठल्याच केबलला हात लावायचा नाही. "फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही" असं तुला तिथे कुणीतरी नक्की सांगेल. काचेतून येत नाही, खरंय. पण जमिनीतून आलेल्या आर्मर्ड केबलला उंदरांपासून वाचवायला स्टीलचं वेष्टण असतं, आणि स्टीलला हा युक्तिवाद माहीत नसतो.

कन्सोलचं थोडक्यात सांगते, कारण लॅबमध्ये तू हे केलंयस. कन्सोल पोर्ट आणि नेटवर्कचं पोर्ट, दोन्हींचं तोंड आरजे-45 च असतं. केबल जाते म्हणून जोडायची नाही, वरची अक्षरं वाचायची. सिस्कोच्या बऱ्याच राउटरांवर कन्सोलभोवती फिकट निळा रंग असतो. स्पीड 9600, आणि यूएसबीचा कन्व्हर्टर बॅगेत आहे का ते रविवारी रात्रीच बघून ठेव. सगळं जोडूनही पोर्ट मेल्यासारखं पडलं असेल तर घाबरू नकोस, सिस्को राउटरचे इंटरफेस मुळात बंदच येतात. 'नो शटडाउन' दिल्याशिवाय जागे होत नाहीत.

आता एसएफपी मॉड्यूल. अँटिस्टॅटिक पिशवीतून तो अगदी लावायच्या वेळी काढ, टेबलावर मांडून ठेवू नकोस. धरायचा कडांना, मागच्या सोनेरी पट्ट्यांना बोट नाही. लेबल दोनदा वाच. मॉड्यूल 1310 नॅनोमीटरचं, 10 किलोमीटरचं असेल तर तुझ्या 8 किलोमीटरला ते पुरतं. एकाच कोअरवर चालणारं बायडी मॉड्यूल दिलं असेल तर जोडी जुळली पाहिजे. या टोकाचं 1310 वर पाठवत असेल तर पलीकडचं 1310 ऐकणारं हवं. दोन्हीकडे सारखंच मॉड्यूल पडलं की दोघंही बोलतात आणि कुणीच ऐकत नाही. लिंक जन्मात येणार नाही, आणि तू दुपारभर केबलला दोष देत बसशील. पॅचकॉर्ड पिवळी हवी, म्हणजे सिंगल मोडची. नारिंगी किंवा आकाशी दिसली तर ती मल्टिमोडची, परत पिशवीत.

मॉड्यूल आत सरकवताना कडी मिटलेली असू दे. वरच्या आणि खालच्या रांगेतली पोर्टं बऱ्याचदा एकमेकांना उलटी असतात, तेव्हा आत जात नाही म्हणून रेटायचं नाही, उलटून बघायचं. नीट बसलं की टक् असा आवाज येतो. तोंडावरची रबरी कॅप अजून तशीच. ती कॅप पॅचकॉर्ड हातात, साफ करून तयार असेल तेव्हाच निघते. काढलेल्या कॅपा खिशात नाही टाकायच्या गं, खिशात किती कचरा असतो! छोट्या झिपच्या पिशवीत.

साफसफाईवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, ऐकून घे. सिंगल मोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा साधारण 9 मायक्रॉनचा असतो. आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा. म्हणजे डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण त्या गाभ्याच्या तोंडावर बसला तर अर्धा रस्ता अडतो. आणि तसंच कनेक्टर आत खुपसलं तर तो कण दोन काचांमध्ये चिरडतो आणि पृष्ठभागावर कायमचा ओरखडा पाडतो. म्हणून नवीन, पाकिटातून काढलेली पॅचकॉर्डसुद्धा साफ करूनच लावायची. एक-क्लिकवाला क्लीनर दाबलास की आतली कोरडी दोरी टोकावरून फिरते. तेवढ्याने भागलं नाही तर तंतू न सोडणाऱ्या वाइपवर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकाच दिशेने एक हलका हात, मग लगेच कोरड्या भागाने पुसायचं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको, त्याचा डाग राहतो. फुंकर नको, थुंकीचे कण जातात. कुर्त्याच्या टोकाला पुसणारे महाभाग तर मी रोज बघते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या या डेटा सेंटरमध्ये आमच्या शिफ्टला येणाऱ्या 'लिंक फडफडतेय' अशा तक्रारींतल्या बऱ्याचशा नुसत्या साफसफाईने मिटतात. पार्ट बदलायची ऑर्डर मात्र आधीच गेलेली असते.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. लिंक आली नाही की माणूस काय करतो? पॅचकॉर्ड काढतो आणि लाइट येतोय का म्हणून टोक डोळ्याजवळ नेतो. हात आपोआप जातो. तुझा जाऊ द्यायचा नाही.

1310 काय, 1490 काय, 1550 काय, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही. आपला डोळा साधारण 700 नॅनोमीटरपर्यंतच बघतो. झगझगीत उजेड असला तर पापणी पाव सेकंदात मिटते, न दिसणाऱ्या प्रकाशाला ती मिटतच नाही. त्यातही साधारण 1400 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आत शिरतो आणि पडद्यावर एकवटू शकतो. पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणून 'दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही' हा हिशेब इथे चालत नाही.

उगाच भीतीही घालत नाही. तुझ्या हातातल्या एसएफपीवर 'क्लास 1 लेझर प्रॉडक्ट' असं छापलेलं असेल, म्हणजे नेहमीच्या वापरात, उघड्या डोळ्याला तो धोक्याचा धरत नाहीत. फायबरमधून बाहेर पडलेला प्रकाश पटकन पसरतोही. पण टोकाला भिंग किंवा साधा इन्स्पेक्शन स्कोप लावलास की तो पसरलेला प्रकाश गोळा होऊन थेट बुबुळात जातो, आणि मग क्लास 1 चा भरवसा संपला. स्कोपने बघायचंच असेल तर दोन्ही टोकांचे लेझर बंद केल्यावर. दोन्ही म्हणतेय मी. तुझा बंद असला तरी 8 किलोमीटरवरचा एक्स्चेंजमधला चालू असतो, तेव्हा आधी तिकडे फोन करून पोर्ट बंद करून घ्यायचं आणि मग पॉवर मीटर लावून खात्री करायची. शिवाय तुला दिलेल्या कोअरच्या शेजारच्या कोअरमध्ये काय धावतंय ते तुला माहीत नसतं. लांब पल्ल्याच्या लाइनवर अॅम्प्लिफायर असतात, त्यांची ताकद एसएफपीच्या कितीतरी पट. पॅनेलवरचं उघडं तोंड नेहमी 'चालू आहे' असंच समजायचं.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघायची एक युक्ती तुला कुणीतरी दाखवेल. 850 चा मल्टिमोड प्रकाश काही फोनमध्ये जांभळट दिसतो, खरं आहे. पण 1310 आणि 1550 कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरलाही दिसत नाहीत. स्क्रीन काळी दिसली म्हणून टोक 'मेलंय' समजू नकोस. ती लाल पेनासारखी टॉर्च असते ना, व्हीएफएल, तीही लेझरच आहे, कुणाच्या तोंडासमोर गमतीने धरायची नाही. प्रकाश मोजायला पॉवर मीटर आहे, नाहीतर राउटरच सांगतो: मॉड्यूलला डीडीएम, म्हणजे स्वतःच प्रकाश मोजायची सोय, असेल तर 'शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर' टाईप कर.

तिथे दिसणारा आकडा कसा वाचायचा ते ऐक. समजा पलीकडून उणे 6 डीबीएमने निघतंय. 1310 ला किलोमीटरमागे साधारण 0.35 डीबी जातात, 8 किलोमीटरचे झाले 2.8. वाटेतल्या कनेक्टरांचे आणि जोडांचे दीड-दोन धर. तुला साधारण उणे 10 ते उणे 11 दिसायला हवं. उणे 17 दिसलं तरी लिंक अप होईल, हिरवा दिवा लागेल, सर खूश होतील. पण 10 किलोमीटरवाली मॉड्यूल्स साधारण उणे 19 पर्यंतच ऐकतात, म्हणजे ती लिंक काठावर उभी आहे. सहा डीबी कुठे गेले ते शोधायचं: आधी कनेक्टर साफ, मग पॅचकॉर्ड कुठे दुमडली आहे का, मग टीमला फायबरमधला दोष शोधणारं ओटीडीआर घेऊन बोलवायचं. काहीच येत नसेल तर टीएक्स-आरएक्स उलटे करून बघ, दहातल्या चारदा तरी तेच असतं असा माझा अंदाज. उलट बाजूचंही ध्यानात ठेव. स्टोअरमध्ये 10 किलोमीटरचं शिल्लक नाही म्हणून 80 किलोमीटरवालं मॉड्यूल कुणी हातावर ठेवलं तर छोट्या अंतराला ते तसंच लावायचं नाही. समोरच्या रिसिव्हरवर इतका प्रकाश पडतो की तो जळू शकतो. मध्ये अॅटेन्युएटर हवा.

पॅचकॉर्डचा जास्तीचा गुंता रॅकमध्ये करकचून बांधू नकोस. साध्या सिंगल मोडची वळण-त्रिज्या 30 मिलिमीटरच्या खाली जायला नको, आणि बांधायला वेल्क्रो, प्लास्टिकचे टाय नकोत. मॉड्यूल काढायची वेळ आली तर आधी पॅचकॉर्ड, लगेच दोन्हीकडे कॅप, मग कडी उघडून मॉड्यूल. चालू राउटरमधून निघालेलं गरम असतं, दचकून खाली टाकू नकोस.

स्प्लायसिंगवाले शेजारी बसले असतील तर त्यांच्या चटईवर पाय टाकू नकोस. तुटलेले काचेचे तुकडे 125 मायक्रॉनचे असतात, कातडीत शिरले की चिमट्यालाही सापडत नाहीत. खाली पडलेला तुकडा चिकटपट्टीने उचलायचा, बोटाने नाही. तू लेन्स लावतेस, म्हणून मुद्दाम सांगते: सोमवारी चष्मा घालून जा. आणि साबणाने हात धुतल्याशिवाय ना डोळ्याला हात, ना डब्याला.

संध्याकाळी सर "सही करून निघ" म्हणतील तेव्हा आकडा लिहिल्याशिवाय सही करू नकोस. तारीख, पोर्ट, दोन्ही टोकांचं टीएक्स आणि आरएक्स, मॉड्यूलचा नंबर. एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटव, दुसरी मला व्हॉट्सअॅपवर टाक. उणे 11 च्या आसपास असेल तर फोन करायची गरज नाही, मी शिफ्टवर असेन. उणे 15 च्या खाली गेलं असेल तर बस पकडायच्या आधी कर.