फोल्डरचे कुलूप किती पक्के?

खामगावची चांदीची पेढी असो की मलकापूरची आडत, हिशेबाचा एक संगणक आणि त्याला तारेने जोडलेले आणखी दोन-तीन, ही मांडणी आता बऱ्याच ठिकाणी दिसते. हिशेबाचा फोल्डर एकाच यंत्रात असतो. मुनीम, मुलगा, गोदामावरचा माणूस तो आपापल्या जागेवरून उघडतात. सोय मोठी आहे. पण त्या फोल्डरचे कुलूप किती कच्चे असू शकते, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे असे आम्हास वाटते.

विंडोज ९५ व ९८ मध्ये फोल्डरला परवलीचा शब्द देता येई. मात्र शब्द किती अक्षरांचा, हे मागणारा संगणकच सांगे आणि समोरचा तेवढीच अक्षरे ताडून पाही. कोणा लबाडाने ‘माझे अक्षर एकच’ असे कळवले, की पहिले अक्षर जुळताच दार उघडे! सात लिव्हरचे अलीगढी कुलूप एकाच लिव्हरवर उघडावे, तसा हा प्रकार. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००० मध्ये तो दुरुस्त केला.

ती यंत्रे गेली, दोष मात्र गेले नाहीत. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा बंदरातील गेटवे टर्मिनल्सचे काम ‘नॉटपेट्या’ व्हायरसमुळे ठप्प झाले. हा व्हायरस युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला होता. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीत भोक होते, त्यातून तो यंत्रामागून यंत्र गाठत गेला. ते बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ पासून फुकट मिळत होती. पण दुरुस्त केलेल्या यंत्रांतही तो घुसला, कारण एका यंत्रात सापडलेला मुख्य अधिकाराचा परवलीचा शब्द दुसऱ्या यंत्रांवरही चालत होता. आमच्या मते दुकानदाराने घ्यावा तो धडा हाच.

संगणक बसवणारा घाईत असला, की ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळा होतो. त्याला थांबवावे. प्रत्येकाचे नाव व परवलीचा शब्द वेगळा हवा. गोदामावरच्या माणसाला साठा फक्त पाहायचा असेल तर वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. मुनीम काम सोडून गेला तर त्याचे नाव त्याच दिवशी काढावे. एसएमबी-१ ही जुनी पद्धत चालू असल्यास बंद करून घ्यावी. आणि हिशेबाची नक्कल रोज वेगळ्या ड्राइव्हवर घेऊन ती ड्राइव्ह काढून तिजोरीत ठेवावी; जोडलेली राहिली तर तीही त्याच झटक्यात जाते.